शिटी वाजेपर्यंत

"कुणी सांगितलं होतं यांना जायला?" हा प्रश्न ज्याला विचारायचाय त्याने आमच्या सदाभाऊजींनाच विचारावा. मला विचारू नये. माझ्या हातात बहुतेक वेळा गरम पळी असते आणि डोकंही त्या पळीएवढंच तापलेलं असतं.

मी नूतन. मुरुडच्या अलीकडे आमचा कोळीवाडा आहे, तिथे रस्त्याला लागून माझी खानावळ आहे. पाटी लावलीय 'घरगुती जेवण', आणि सगळंच घरगुती आहे, माझ्या तोंडासकट. सदाभाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे चुलतभाऊ. त्यांचं आणि आमचं अंगण एकच, मधे बोंबील वाळवायची वलांडी तेवढी उभी. किशोरी त्यांची बायको, सुकी मासळी घेऊन मुरुडच्या बाजारात बसते. विनेश त्यांचा एकुलता एक मुलगा, बारावी करून बसलेला.

सदाभाऊजी तांडेल होते. होडी दुसऱ्याची, पण पाण्यात गेल्यावर होडीवर शब्द त्यांचा. आणि शब्द तरी किती, मोजून दोन. बोलायला इतका कंजूस माणूस मी दुसरा पाहिला नाही. लग्नात बायकांनी नाव घ्यायला अडवलं, तर बुवा "किशोरी" एवढंच म्हणाले आणि तांब्या तोंडाला लावला. उखाणा नाही, काही नाही. आम्ही बायका अजून त्यावरून किशोरीला चिडवतो. चिडवायचो.

आमच्याकडे एक रीत आहे, ती आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या रितीमुळे झालं. समुद्रात एखादी होडी अडकली, इंजिन बसलं, पाणी भरायला लागलं, की त्यावरचे लोक काठीला सदरा बांधून उभा करतात. आता वायरलेस आले, मोबाईल आले, पण बुडायच्या वेळी आधी तेच भिजतात. सदरा तेवढा दिसतो. तो दिसला की जी होडी जवळ असेल तिने जायचं. जाळं पाण्यात असलं आणि ओढून घ्यायला सवड नसली, तर कापून टाकायचं आणि जायचं. होडी कुणाची, दिघीची की श्रीवर्धनची, कोळ्याची की मुसलमानाची, विचारायचं नाही. गेलेलं जाळं मग वाड्यात घरटी एक-एक वाव, म्हणजे दोन हात पसरून होईल तेवढं, विणून भरून देतात. आणि वाचलेल्यांनी किनाऱ्याला लागल्यावर आपल्या घरी जायच्या आधी वाचवणाऱ्याच्या घरी जायचं, त्याच्या बायकोच्या हातचं पाणी प्यायचं. बस. सही नाही, शिक्का नाही.

सदाभाऊजींनी असं जाळं कापलेलं मी पाहिलंय. श्रीवर्धनकडची होडी होती. चार माणसं थरथरत आमच्या अंगणात उभी, आणि किशोरी एकीकडे त्यांना टॉवेल देतेय, पाणी देतेय, आणि दुसरीकडे नवऱ्याच्या नावाने खडे फोडतेय की यंदाचं नवंकोरं जाळं होतं. सदाभाऊजी ओट्यावर बसून विडी ओढत होते. मी म्हटलं, "भाऊजी, निदान अर्धं तरी ओढून घ्यायचं." तर म्हणाले, "वयनी, सदरा हालत व्हता." झालं त्यांचं भाषण.

आता कंपनीच्या माळाचं. आमच्या वाड्यामागे चढून गेलं की मोठा माळ आहे. कुठलीशी कंपनी तिथे येणार होती. जमीन घेतली, सपाट केली, कंपाउंड घातलं, आत गुळगुळीत डांबरी रस्ते फिरवले आणि एक दिवस कंपनी पळाली. रस्ते राहिले. काही वर्षं तिथे गुरं बसायची, पोरं मोटरसायकल शिकायची. मग हर्षद आला.

हर्षद नवी मुंबईचा. न्हावा शेवा बंदराच्या बाजूला कंटेनरच्या गाड्यांचा धंदा करायचा. त्याने माळ भाड्याने घेतला आणि दर रविवारी तिथे मुंबई-पुण्याची पोरं आपापल्या गाड्या घेऊन यायला लागली. त्याला म्हणायचं ट्रॅक डे. मी एकदा चुकून शर्यत म्हटलं, तर माझ्यावर केवढा उखडला. "ताई, शर्यत नाही, प्लीज. शर्यत म्हटलं की परवानगीचा प्रॉब्लेम, इन्शुरन्सचा प्रॉब्लेम. हे लोक ड्रायव्हिंग सुधारायला येतात." बरं बाबा, सुधारा. माझा काय तोटा होता? पन्नास डबे दर रविवारी जात होते. गाड्या मात्र अशा किंचाळत वळायच्या की आमच्या कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केलं.

वळणावळणावर, जुने टायर रचून केलेल्या भिंतीमागे उभं राहून, निशाण दाखवायला हर्षदला माणसं हवी होती. त्याला म्हणायचं मार्शल. नारिंगी जाकीट, हातात बावटे. पिवळा दाखवला की पुढे धोका आहे, हळू व्हा. लाल म्हणजे सगळं थांबवा, पण लाल फक्त त्याने उभारलेल्या मनोऱ्यावरून, हर्षदच्या हातून, शिटी वाजवून. आमच्या वाड्यातले सहा-सात जण लागले. मासळी त्या वर्षी रुसलेलीच होती, आणि रविवारचा पगार रोख मिळायचा. सदाभाऊजींना तर बावटे आयुष्यभर माहीत, ते लांबच्या वळणावर उभे राहायला लागले. हर्षद सगळ्यांना बजावायचा, "काका, काहीही होऊ दे, टायरांच्या भिंतीच्या आत यायचं नाही. शिटी वाजेपर्यंत जागा सोडायची नाही." गाड्यांचे ब्रेक तपासायचा, हेल्मेट तपासायचा, अॅम्ब्युलन्स उभी करायचा. आग विझवायचा लाल सिलिंडर मात्र अख्ख्या माळावर एकच, आणि तो मनोऱ्याखाली, जिथे लोक फोटो काढतात तिथे.

येणाऱ्या प्रत्येकाकडून कागदावर सही घ्यायचा, की जे होईल ते माझ्या जबाबदारीवर. आमच्या लोकांकडूनही घेतली. सदाभाऊजींनी विचारलं, "ह्याच्यात काय हाय?" हर्षद म्हणाला, "काका, तुमचा विमा काढलाय, त्यासाठी." आणि विमा त्याने खरंच काढला होता. तो माणूस तोंडावर खोटं बोलतच नाही, ही त्याची खरी खोड आहे.

तो रविवार थंडीतला. मी टेम्पोतून डबे उतरवत होते, लांबचं वळण तिथून समोर दिसतं. एक पांढरी गाडी वळणात गरगर फिरली आणि टायरांच्या भिंतीत जाऊन घुसली. बॉनेटमधून काळा धूर निघाला. दार उघडेना. मग खिडकीतून एक हात बाहेर आला, पांढऱ्या बाहीचा, आणि हलायला लागला.

सदाभाऊजींनी पिवळा बावटा वर धरला होता. त्यांनी मनोऱ्याकडे पाहिलं. हर्षद पाठमोरा उभा राहून फोनवर कुणाला तरी माळाचा पत्ता सांगत होता. सदाभाऊजींनी पुन्हा एकदा मनोऱ्याकडे पाहिलं. मग बावट्याची काठी दोन टायरांच्या फटीत घट्ट खोचली, मागून येणाऱ्याला दिसावी म्हणून, आणि भिंतीवरून उडी मारून धावले. तोपर्यंत ज्वाळा दिसायला लागल्या होत्या. पाण्यातून माणूस होडीत ओढतात तसं त्यांनी त्या पोराला काखेत हात घालून खिडकीतून ओढलं आणि टायरांच्या पलीकडे ढकलून दिलं. स्वतः चढायला वळले, आणि धुरातून मागची गाडी आली. तिला ना बावटा दिसला, ना माणूस. दोन गाड्यांच्या मधे सदाभाऊजींचा उजवा पाय सापडला.

शिटी त्यानंतर वाजली.

पाय गुडघ्याच्या वर काढावा लागला. अलिबागला इस्पितळात किशोरी बाकड्यावर दगडासारखी बसून होती, डोळ्यांतून टिपूस नाही. वाड्यातल्या होड्यांनी लगेच ठरवलं, रोज एका होडीचा वाटा सदाच्या दारात. घरटी जे जमेल ते आलं. आमचे लोक रीत पाळतात, त्याबद्दल मी कुणाला नाव ठेवणार नाही. पण जाळं असतं तर एक-एक वाव विणून दिलं असतं. पाय कसा विणायचा? तांडेल एका पायावर होडीत उभा राहत नाही. घर त्या एका उभ्या राहण्यावर चाललं होतं.

वाचलेला पोरगा तिसऱ्याच दिवशी इस्पितळात आला. ऋत्विक त्याचं नाव, खारघरचा, कॉम्प्युटरमध्ये नोकरी, पंचविशीचा. फळांची करंडी घेऊन आला आणि पलंगाच्या कडेला डोकं टेकून ढसाढसा रडला. "काका, तुम्ही नसतात तर मी कोळसा झालो असतो." मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मीच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सदाभाऊजी म्हणाले, "रडू नको. बरा झाला की घरी ये, पानी प्यायला." तो म्हणाला, "येणार काका, नक्की येणार." त्याला त्या पाण्याचा अर्थ कुठून कळणार? पण हो तर म्हणाला.

त्याच आठवड्यात एसटीने अलिबागला जाताना मला खिंडीच्या वळणावर ती पांढरी गाडी दिसली. म्हणजे पांढरी आता कुठली, जळून काळा सांगाडा झालेला. अपघाताच्या संध्याकाळी क्रेनला टांगून ती माझ्या खानावळीसमोरून नेताना मी पाहिली होती. मला वाटलं, भंगारात नेली असेल. ती इथे रस्त्याच्या कडेला कशी? आणि तिच्या चारी बाजूंना गुडघाभर वाळकं गवत, जसंच्या तसं. एक काडी करपलेली नव्हती. मला तेव्हा नुसतं नवल वाटलं. अक्कल नंतर आली.

विम्याच्या कंपनीतून मृणाल नावाच्या मॅडम आल्या, मार्शल लोकांचा विमा त्यांच्याकडे होता. बाई चांगली होती, माझ्या ओट्यावर बसून तिने सगळं नीट समजावलं. मागच्या गाडीचा विमा रस्त्यावरचा, कंपाउंडच्या आतलं आम्ही मानत नाही असं त्या गाडीची कंपनी म्हणते, हवं तर कोर्टात जा आणि म्हातारे होईपर्यंत भांडा. राहिला हर्षदने काढलेला विमा. तो मार्शलला मिळतो, पण मार्शल आपल्या जागेवर असेल तर. जागा सोडली तर मिळत नाही.

"आणि माणूस जळत असेल तर?" मी विचारलं.

"तर मिळतो," मृणाल म्हणाल्या. "कुणाचा जीव धोक्यात असेल आणि वाचवायला गेला असेल, तर पूर्ण मिळतो. तशी तरतूद आहे. पण आयोजकांनी लिहून दिलंय की गाडी नुसती घसरून टायरांना लागली. आग लागलीच नाही. मार्शल विनाकारण ट्रॅकवर आले."

मी म्हटलं, आग मी या डोळ्यांनी पाहिली. आमच्या सहा माणसांनी पाहिली. गाडीवाली पोरं हर्षदची गिऱ्हाइकं, ती बोलायची नाहीत. चला माळावर, डाग दाखवते. गेलो. डागावर हर्षदने ताजं डांबर ओतून घेतलं होतं. मोबाईल मनोऱ्याच्या पुढे न्यायचे नाहीत असा त्याचा नियमच होता, त्यामुळे त्या वळणाचा फोटो नाही. मृणाल म्हणाल्या, "ताई, तुम्ही सगळे एका वाड्यातले, नात्यातले. कंपनी म्हणेल, आपसात ठरवून बोलताहेत. गाडीत जो बसला होता त्याने एक ओळ लिहून द्यावी, की मी आत अडकलो होतो, गाडी पेटली होती, यांनी मला काढलं. मग कुणी अडवू शकत नाही. महिनाअखेरीपर्यंत द्या, नंतर फाईल बंद होईल."

एक ओळ. मला तर हसूच आलं. म्हटलं, एवढंच ना, पोरगा पायावर डोकं ठेवून गेलाय.

फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, बंद. विनेशने मेसेज टाकले, त्यावर निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. शेवटी सदाभाऊजींना कुबड्यांसकट आमच्या ह्यांच्या टेम्पोत बसवलं आणि आम्ही खारघरला गेलो, मी, किशोरी आणि ते. लिफ्टचं दार कुबडीवर दोनदा आपटलं. ऋत्विकच्या आईने दार उघडलं, आम्हाला सोफ्यावर बसवलं, काचेच्या पेल्यांतून पाणी आणलं. सदाभाऊजींनी पेल्याला हात लावला नाही. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं, त्या बाईला कळायचं कारण नव्हतं. हे पाणी उलट्या दिशेने वाहत होतं.

ऋत्विक बाहेर आला. चेहरा उतरलेला. माझ्याकडे बघून बोलत होता, सदाभाऊजींकडे बघत नव्हता.

"मावशी, मी लिहून दिलं असतं, शप्पथ. पण मी माझ्या इन्शुरन्सला सांगितलंय की गाडी खिंडीत चालता चालता पेटली. ट्रॅकवर पेटली म्हटलं की क्लेम मिळत नाही. हर्षद म्हणाला, सगळे असंच करतात. गाडी तिकडे नेऊन ठेवली, पोलिसांत नोंद पण झालीय. आता मी तुम्हाला दुसरं लिहून दिलं तर माझ्यावर फसवणुकीची केस होईल. नोकरी जाईल."

तेव्हा मला ते गवत आठवलं.

"म्हणजे तू तिथे नव्हतासच?" मी म्हटलं. "मग यांनी बाहेर काढलं ते कुणाला, माझ्या काकाला?"

त्याची आई मधे पडली. "अहो, आम्ही काही विसरलो नाही. तुमच्या मुलासाठी काही बघता आलं तर बघू. पण आमच्या मुलाचं आयुष्य आहे."

"आन ह्यांचा?" किशोरी पहिल्यांदाच बोलली. "ह्यांचा काय हाय?"

सदाभाऊजी कुबडीवर जोर देऊन उठले आणि ऋत्विकला म्हणाले, "तू घाबरलास. व्हतं तसा. पान्यात पन मानूस आधी घाबरतं, आन मग काढनाऱ्यालाच आवळून धरतं. थोडा थांब, शांत हो. महिना संपायला येळ हाय. मनात आलं की घरी ये."

मी खाली येईपर्यंत गप्प राहिले, ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब गप्प राहणं असेल. टेम्पोत बसल्यावर मात्र माझं तोंड सुटलं. म्हटलं, गरज सरो वैद्य मरो, याहून वेगळं काही मला तिथे दिसलं नाही. त्याला कसलं शांत व्हायचं सांगताय? सदाभाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "येईल तो."

आणि नशीब बघा, महिना संपायला आठवडा असताना ऋत्विकच्या गाडीच्या विम्याचा पाहणीवाला साहेब माझ्याच खानावळीत जेवायला आला. सुरमईची थाळी मागवली. खाता खाता विचारतो, "ताई, खिंडीत ती जळलेली गाडी आहे, ती तिथेच पेटली का? गावात काही ऐकलंत?" माझ्या हातात सोलकढीचा पेला होता. म्हटलं देवच धावला. एक वाक्य मी बोलले असते तर ऋत्विकचं सोंग उघडं पडलं असतं, आणि मग खरं लिहून देण्यावाचून त्याला वाटच राहिली नसती. मी म्हटलं, "थांबा, ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच बोलावते." आणि अंगण ओलांडून सदाभाऊजींकडे गेले.

ते ओट्यावर बसून दुसऱ्या कुणाचं तरी जाळं सांधत होते. मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि मान हलवली, नाही म्हणून.

"भाऊजी, वेड लागलंय का? तो तुम्हाला मारून मोकळा झालाय."

"तुरुंगात जाईल तो."

"जाऊ दे की."

"वयनी, वर काढलेला मानूस आपन परत पान्यात ढकलीत न्हाय. मग काढला कशाला?"

किशोरी आतून बाहेर आली. ती भांडेल, मला वाटलं, आणि मला ते हवं होतं. ती भांडलीही. म्हणाली, "तुमचा पुन्य तुमच्या तव्यावर भाजा आन खावा, मी काय खाऊ?" सदाभाऊजी सुई चालवत राहिले. मग मला म्हणाले, "तू पन नको बोलूस. माझ्या गल्याची आन हाय. तो येईल. आजून आठ दिस हायत." गळ्याची आण घातल्यावर मी काय बोलणार? परत गेले आणि साहेबाला सांगितलं, "माहीत नाही हो कुणाला." त्याने ढेकर दिली, थाळीचं कौतुक केलं आणि गेला. माझ्या हाताला चव आहे म्हणाला. त्या सोलकढीत मी मीठ दुप्पट घालायला हवं होतं.

ते आठ दिवस सदाभाऊजी ओट्यावरून हलले नाहीत. खारघरहून येणारी एसटी दुपारची, ती थांब्यावर थांबली की मान वर करून बघायचे. किशोरीने शेवटच्या दिवशी तांब्या घासून, भरून, कोनाड्यात ठेवला. नवऱ्याशी बोलत नव्हती, पण तांब्या भरून ठेवला. गाडी आली, चार बायका उतरल्या, भाजीचा हारा उतरला, गाडी गेली. संध्याकाळी मृणाल मॅडमचा फोन आला, "ताई, काही मिळालं का?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "मला वाईट वाटतं." वाटणारच. बाकीच्यांना तर तेवढंही वाटलं नाही.

ऋत्विकला त्याचे पैसे मिळाले. कागदावर गाडी खिंडीत पेटली, माळावर कुणी जळत नव्हतं आणि सदा नावाचा एक मार्शल उगाच चालत ट्रॅकवर आला.

मधे दोन-तीन महिने माळ बंद होता. मग पुन्हा गाड्या किंचाळायला लागल्या. मी डबे द्यायचं बंद केलं, मग हर्षदने मुरुडच्या लॉजवाल्याकडून सुरू केले, त्याचं काही अडलं नाही. उलट आता त्याने सगळं कडक केलं. नव्या मार्शल लोकांना अर्धा तास उभं करून शिकवतो. कागदावर नवं कलम घातलंय, की कसल्याही परिस्थितीत, अगदी कुणाचा जीव जात असला तरी, शिटी वाजल्याशिवाय जागा सोडली तर सगळी जबाबदारी मार्शलची. शिकवताना सदाभाऊजींचं उदाहरण देतो. नाव घेऊन. "सदाकाकांसारखं करू नका." जळलं मेलं त्याचं लक्षण.

हे मला कुणी सांगितलं असेल? विनेशने. कारण विनेश आता तिथे उभा राहतो. लांबच्या वळणावरच.

मी त्याला बोल बोल बोलले. त्याने खाली मान घालून ऐकलं आणि म्हणाला, "काकी, दुसरा रोखीचा काम सांग, उद्या सोडतो." होडीवर त्याला समुद्र लागतो, लहानपणापासून. आणि किशोरीच्या टोपलीवर तीन माणसं जगत नाहीत.

परवाच्या शनिवारी संध्याकाळी मी वलांडीवरचे बोंबील काढत होते. विनेश अंगणात नारिंगी जाकिटाची चेन लावून बघत होता, बिघडलेली होती. सदाभाऊजी ओट्यावर जाळं सांधत बसले होते. विनेश सहज बोलून गेला, "तो ऋत्विक आलता मागच्या रविवारी. नवीन गाडी हाय, निळी."

"बोलला काय तुझ्याशी?" सदाभाऊजींनी विचारलं.

"न्हाय. वलख नाय दिली."

सदाभाऊजींनी दोन-तीन गाठी मारल्या. मग जाळं बाजूला ठेवलं.

"विनेश, गाडी पेटली तर काय करायचा सांगितलाय?"

"शिटी वाजेपर्यंत जागा सोडायची न्हाय."

"आन आतून हात हालवला तर?"

विनेशने माझ्याकडे पाहिलं. मी बोंबलांची टोपली खाली ठेवली. मला वाटलं, आता म्हातारा कुबडी फेकून मारील पोराला. माझ्या मनात तर आलं, मारावी.

"तरी पन न्हाय," विनेश म्हणाला.

"हां," सदाभाऊजी म्हणाले. "तसाच उभा राहा. बघायचा पन न्हाय तिकडं."

आत चुलीपाशी किशोरीच्या हातातलं भांडं थांबल्याचं मला ऐकू आलं. इस्पितळात जी रडली नव्हती, खारघरला रडली नव्हती, एसटी रिकामी गेली त्या दिवशी रडली नव्हती, ती आता तोंडात पदर कोंबून रडत होती. विनेशने जाकीट काढून दोरीवर टाकलं. मी सदाभाऊजींचा चेहरा नीट पाहिला. मला वाटत होतं, टोमणा मारला असेल, रागाने बोलले असतील.

तसं काही नव्हतं. ते मनापासून सांगत होते.